निंबाकडच्या चार मेखा

खापरखेडा,
१२ जुलै १९८३

किसना,

नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकीट हातात आल्यावर मी आधी इंदूरचा शिक्का वाचला, तिकिटं पाहिली, मग ते उजेडाकडे धरून आत किती कागद आहेत तेही पाहिलं. शामला म्हणाली, "फोडा नं आता. का वासावरूनच समजून राहिलं तुम्हाले?" शामला म्हणजे माझी बायको. लग्नाला तुला बोलावलं नव्हतं, तेव्हा तिच्या बोलण्यावरूनच तिची ओळख करून घे.

तू लिहितोस की ऑफस्पिनवर एक छोटं पुस्तक करतो आहेस, दिवाळीच्या आत छापखान्यात द्यायचं आहे, आणि त्यातलं एक प्रकरण आपल्या पासष्ट सालच्या निवड सामन्यावर आहे. त्याला 'नागपूरची पकड' असं नावही देऊन बसलास. त्या दिवशी तुझी बोटं चेंडूवर नेमकी कुठे होती ते मी बहात्तर साली तुला कळवलं होतं, ते पत्र घर बदलताना हरवलं, म्हणून पुन्हा सविस्तर लिहून पाठव, जमलं तर आकृती काढून. वर माझी स्तुती, की तुझ्यासारखी बारीक नजर दुसऱ्या कुणाची नव्हती.

नजर आहे अजून. इथे वीज केंद्रात मी मीटर आणि गेज तपासायच्या कामावर आहे. काटा केसभर सरकला तरी मला कळतं. कॉलनीत कुणाच्या शिवणयंत्राचा आवाज बदलला तरी मी जाऊन ते उघडून बघतो. लोक कंटाळतात, पण बिघाड सापडला की चहा देतात. आणि जूनमध्ये आपण विलायतेत कप जिंकल्यापासून तर विचारू नकोस. कॉलनीतल्या प्रत्येकाला मी सांगून चुकलो आहे की आमच्या नागपूरचा एक जण चार कसोट्या खेळला आणि तो माझ्या बाकावर बसायचा. कुणी विश्वास ठेवत नाही.

आता मी तुला विचारतो. बोट कसं आहे? उजव्या हाताची तर्जनी. सांधा सुजल्याचं मी पेपरात वाचलं होतं, पुढचं काही कुणी छापलं नाही. वाकतं का? सदऱ्याची बटणं लावता येतात? तुझं अक्षर आधी उजवीकडे झुकायचं, आता सरळ उभं आहे. पेन दुसऱ्या बोटांत धरतोस का?

आकृती पाठवतो. या आठवड्यात एक युनिट दुरुस्तीसाठी बंद आहे, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही.

तुझा
विश्वनाथ


खापरखेडा,
३० जुलै १९८३

किसना,

तुझं कार्ड मिळालं. 'बोट वाकत नाही. बटणं बायको लावते. आकृती कधी?' एवढ्यात तू मला पुरता कोंडीत पकडलंस.

युनिट दुरुस्तीचं खोटं होतं. युनिट मस्त चालू होतं. मी रोज आकृती काढायला बसत होतो. चेंडू काढायचो, त्याची शिवण काढायचो, आणि बोटं काढायची वेळ आली की पेन्सिलीला टोक करत बसायचो. शामला म्हणाली, "तुम्ही पेन्सिल खाऊन राहिले, काय झालं काय?" मी म्हटलं, थांब वं, आणि मग मलाच थांबवेना, सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "हे मले काहून सांगता? त्यायले सांगा." म्हणून सांगतो.

आपल्या क्लबची रीत तुला आठवत असेल. हिरवळीची खेळपट्टी आपल्या नशिबी कुठली! मुरमावर काथ्याची चटई अंथरायची आणि दोन्ही कडांनी लोखंडी मेखा ठोकून ती ताणायची. चटई ताठ असली की चेंडू सरळ येतो आणि फलंदाज खूष. सैल असली की ती चेंडूला धरते आणि चेंडू वळतो. म्हणून तर मेखा ठोकायची पाळी लावलेली होती, आणि ठोकून झालं की आपले कप्तान भैयाजी जोडे काढून अनवाणी चटईवरून चालायचे. तळपायाला जरा सळ लागली की पुन्हा ठोका. नत्थूजी माळी म्हणायचे, "भैयाजीचा पाय म्हणजे लेव्हल आहे, लेव्हल."

निवड सामन्याच्या सकाळी पाळी माझी होती. शालेय संघात जागा एक आणि आपल्यात ऑफस्पिनर दोन, तू आणि मी. बाहेरगावाहून निवडणारे दोघे आले होते, ते खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. मी नेहमी निंबाच्या झाडाकडून टाकायचो, तू पाण्याच्या टाकीकडून. भैयाजी चालून गेले, "ठीक आहे" म्हणाले आणि जोडे घालायला बसले. तेवढ्या वेळात मी निंबाकडून टाकलेला चेंडू जिथे पडतो तिथल्या चार मेखा उपसल्या, दोन या कडेच्या, दोन त्या कडेच्या, आणि दोन-दोन बोटं आत घेऊन पुन्हा ठोकल्या. वरून काही दिसत नव्हतं. हात दाबला तर मात्र चटई खालून पोकळ लागायची.

हे मी माझ्यासाठी केलं होतं, किसना. हे नीट वाच. मित्रासाठी केलं असं म्हणायची सोय असती तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

आणि मैदानात उतरताना भैयाजी म्हणाले, "किसना, आज तू निंबाकडून टाक. विश्या टाकीकडून." बाजू बदलू नका म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. त्यांनी त्याच दिवशी बाजू का बदलली, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि भैयाजी तर आता राहिले नाहीत.

तुझा पहिलाच चेंडू ऑफस्टंपच्या वीतभर बाहेर पडला आणि लेगस्टंप घेऊन गेला. फलंदाज चटईकडे बघत राहिला आणि तू स्वतःच्या बोटांकडे. मी मिडऑफला उभा राहून तुम्हा दोघांकडे बघत होतो. तू सात बळी घेतलेस. मला एकही मिळाला नाही. संध्याकाळी तुझं नाव लागलं. तू त्या संघातून सिलोनला गेलास, पुढे रणजी खेळलास, मग देशाकडून. मी पॉलिटेक्निकला गेलो.

अठरा वर्षं मी एकच गोष्ट घोकतो आहे, की ती जागा माझी होती आणि माझ्याच मेखांनी ती तुला मिळाली. हे खरं का खोटं, ते मोजायचं कुठलंही यंत्र माझ्याकडे नाही. तुझा राग यायचा. रेडिओवर तुझं नाव आलं की मी आवाज वाढवायचो, आणि याला बळी मिळू नये असंही त्याच वेळी वाटायचं. बळी मिळाला की मात्र सगळ्यांत आधी मीच ओरडायचो. हे असं कसं होतं, ते मला अजून समजलेलं नाही.

तेव्हा पुस्तकातून ते प्रकरण काढून टाक. तुझ्या बोटांत त्या दिवशी वेगळं काही नव्हतं. जे होतं ते चटईत होतं.

विश्वनाथ


खापरखेडा,
१९ ऑगस्ट १९८३

किसना,

तू वकील व्हायला हवा होतास. मला वाटलं होतं शिव्या येतील. त्याऐवजी तुझं एका ओळीचं कार्ड: 'चटईचं समजलं, पण चेंडू चटईनं वळवला तर बहात्तर साली तू मला पकड कुठून पाहून सांगितलीस?'

कुठूनही नाही. मनानं बनवून सांगितली.

हे लिहिल्यावर अर्धा तास मी अंगणात जाऊन उभा होतो. आता पुढचं लिहितो.

बहात्तरचं तुझं ते पत्र मद्रासहून आलं होतं. पाच पानं. पहिल्या दोन कसोट्यांत आठ बळी घेतले होतेस, त्या काळात देशात नावाजलेल्या फिरकीवाल्यांची एवढी गर्दी असताना तुला जागा मिळाली होती, आणि तरी तुझं समाधान नव्हतं. तू लिहिलं होतंस, 'बळी मिळाले, पण नागपूरसारखा एकही वळला नाही. त्या दिवशी माझ्या बोटांत काय होतं? हॉटेलच्या खोलीत चेंडू हर तऱ्हेनं धरून पाहतो. तू मिडऑफला होतास, तूच पाहिलं असशील.' दुसरा कुणी असता तर आठ बळींवर खूष होऊन झोपला असता. तुला ते एक वळण पुन्हा हवं होतं, आणि ते कशानं आलं हे जगात फक्त मला माहीत होतं.

आठ दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. चटईचं लिहायला बसलो की लाज वाटायची. मग वाटलं, काहीतरी लिहावं आणि सुटावं. मी लिहिलं की त्या दिवशी तुझी पहिली दोन बोटं नेहमीपेक्षा खूप फाकलेली होती, शिवणीवर आडवी, आणि सगळा जोर तर्जनीच्या मधल्या सांध्यावर होता. वाचायला किती खरं वाटतं बघ. मला वाटलं दोन दिवस करून पाहशील, जमणार नाही, सोडून देशील. पण तू सोडणाऱ्यांतला नाहीस हे मला शाळेपासून माहीत होतं. तरी लिहिलं.

किंवा मला तेच हवं होतं. हे वाक्य दोनदा खोडलं होतं, आता राहू देतो.

तू दोन वर्षं तसा चेंडू धरलास. पुढच्या दोन कसोट्यांत एक बळी. मग सांधा सुजला आणि चौऱ्याहत्तर साली पेपरात दोन ओळी आल्या की दुखापतीमुळे तू खेळ सोडलास. त्या वाचल्यावर मी तुझ्या पत्रांना उत्तर देणं बंद केलं. तुला वाटलं असेल, किसना मोठा झाला म्हणून विश्या रुसला. रुसलो नव्हतो. तोंड दाखवायला जागा नव्हती.

तुझं बोट मी मोडलं. माफ कर असं लिहिण्याचा मला हक्क वाटत नाही, म्हणून लिहीत नाही. पण ती पकड पुस्तकात छापू नकोस. ते वाचून आणखी कुणी बोटं फाकवून बसेल.

विश्वनाथ


खापरखेडा,
२६ ऑक्टोबर १९८३

किसना,

रविवारी मैदानावर काय झालं ते तुला ठाऊकच आहे. पण आकडे मी घरी आल्यावर पुन्हा तपासले, आणि बसस्टँडवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहितो. पुस्तकाला लागेल.

दोन महिने तुझा पत्ता नव्हता. मी पोस्टमनला इतकं विचारायचो की तो आमच्या गल्लीत यायचा तो दुसऱ्या टोकानं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कार्ड आलं. 'तेवीस तारखेला येतो. चटई, मेखा, हातोडा, टेप तयार ठेव. मोजू.' शामला म्हणाली, "मारायले तर नाई येऊन राहिले नं? हातोडा काहून मांगतला?" मी म्हटलं, मारायचं असतं तर टेप कशाला मागितला असता. पण रात्री उठून हातोडा मात्र दोनदा पाहून आलो.

तू नागपूरला बसमधून उतरलास आणि माझी नजर थेट तुझ्या हातावर गेली. तुझी माझ्या पोटावर. "विश्या, तू तर पार गोदाम झाला गा," म्हणालास आणि रिक्षात बसलास. मैदानापर्यंत मला वाटत होतं तू आत्ता बोलशील, आत्ता बोलशील. तू बाहेरची दुकानं बघत होतास.

चटई नत्थूजींनी काढून दिली. डोळ्यांना कमी दिसतं त्यांना, पण तुझा आवाज ओळखला. "किसनभाऊ, इंडियाकडून खेळले तुम्ही, आन् पुन्हा आमच्या चटईवर?" तू म्हणालास, "एक गोष्ट पाह्याची राहिली होती, नत्थूजी."

मी चटई आधी ताठ ठोकली. तू जोडे काढून अनवाणी तिच्यावरून चाललास. तेव्हा मला राहवलं नाही आणि मी विचारलं, की भैयाजींनी त्या दिवशी बाजू का बदलली असेल रे. तू चालता चालताच सांगितलंस, "त्यायनं नाई बदलली. मीच मांगतली होती. तू माह्यापेक्षा बरा टाके. मले वाटे, निंबाकडून टाकल्यानं होत असन. मनलं, एक दिवस आपणही पाहू." मी खाली बसलो. मेख ठोकायला बसलो असं तुला वाटलं असेल. सगळ्या मेखा आधीच ठोकलेल्या होत्या.

मापायची पद्धत लिहून ठेवतो, पुढे कुणी शंका काढायला नको. स्टंपांच्या मागे शामलाची पांढरी चादर ताणून बांधली. चेंडू ओल्या गेरूत बुडवून टाकायचा. चटईवर टप्प्याचा डाग पडतो, दुसरा चादरीवर. टाकणाऱ्याच्या हातापासून टप्प्यापर्यंत दोरी धरून ती तशीच चादरीपर्यंत नेली की चेंडू सरळ गेला असता तर कुठे लागला असता ते कळतं. तिथपासून गेरूच्या डागापर्यंत जेवढं अंतर, तेवढं वळण. प्रत्येकाचे बारा चेंडू, आणि त्यांची सरासरी. चादर गेली ती गेलीच, शामला अजून बोलते आहे.

ताठ चटईवर तू टाकलंस. तर्जनी काठीसारखी ताठ, सगळं काम मधल्या बोटानं, वय पस्तीस. नऊ इंच. मग मी चार मेखा तशाच सैल केल्या, जशा तेव्हा केल्या होत्या. चौदा इंच. तुझ्या चेहऱ्याकडे मी पाहत होतो. तू खूष झाला होतास! अठरा वर्षं ज्याच्या मागे लागलास ते वळण पुन्हा समोर दिसलं, आणि ते कशानं आलं हे कळूनही तू मुलासारखा हसत होतास. म्हणालास, "पाह्य, तसाच वळला. सेम टू सेम." मला रडू येत होतं आणि मी टेप गुंडाळत होतो.

मग तू चेंडू माझ्या हातात दिलास. "आता तू टाक."

मी म्हटलं, माझं काय मोजायचं, मी पंधरा वर्षांत हात फिरवला नाही. तू म्हणालास, "मीबी नऊ वर्षांत नाई फिरवला. टाक." सैल चटईवर मी बारा चेंडू टाकले. माझी नेहमीची पकड, निंबाकडून. तीन इंच. मला वाटलं दोरी सरकली. पुन्हा बारा टाकले. तीन इंच. मेखा ताठ करून टाकले, तेवढंच. गेज बिघडलेलं नव्हतं, किसना. सैल चटई चेंडूतली फिरकी धरते आणि वाढवते, पण धरायला काही असावं लागतं. तुझ्यात होतं म्हणून तिनं तुला पाच इंच वरून दिले. मला काय देणार? त्या सकाळी मी निंबाकडून टाकलं असतं तरी ती जागा मला मिळाली नसती. ती कधी माझी नव्हतीच. तू हे बोलला नाहीस, मान खाली घालून वहीत आकडा लिहिलास. बोलला असतास तर बरं झालं असतं.

आणि मग तू म्हणालास, "आता ते बहात्तरचं टाक. बोटं फाकवून." मी तुझ्याकडे पाहिलं. तू थट्टा करत नव्हतास. मी बोटं फाकवली, शिवण आडवी घेतली, सगळा जोर सांध्यावर दिला, जसं मी तुला लिहिलं होतं अगदी तसं. पहिले चार चेंडू चटईवर पडलेसुद्धा नाहीत, मुरमावर गेले. सहाव्याला सांध्यात कळ आली. मी थांबलो. तू म्हणालास, "थांबू नको. मी दोन वर्ष टाकलं. तू चार ओव्हर तरी टाक."

मी चारही टाकल्या. तू स्टंपांजवळ उभा राहून प्रत्येक चेंडू पाहिलास. नत्थूजींनी विचारलं, "भाऊ, त्यायचा हात सुजला, बस नं?" तू चेंडू उचलून माझ्याकडे फेकलास. चोविसावा पडल्यावर जवळ आलास, माझी तर्जनी हातात घेतलीस, मधल्या सांध्यावर दाबून पाहिलीस, आणि म्हणालास, "अठीच दुखे मले." मग आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलंस. त्या वेळी मी जे काही बोललो ते मला आठवत नाही. तुला ऐकू आलं असेल तर ठीक, नाही तर तेही ठीक. सूज आज चौथ्या दिवशीही आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

बसस्टँडवर तू खिडकीतून म्हणालास, "प्रकरण काढत नाई. बदलतो. जे झालं तेच लिहितो, मेखा, पकड, आजचे आकडे, सगळं. तुह्यं नाव टाकू का?" कॉलनीत, केंद्रात, क्लबात जे जुने उरलेत त्यांच्यात, सगळीकडे ते वाचलं जाणार हे डोळ्यांसमोर आलं. इंदूरची बस निघाली आणि तू हात केलास. मी सुजलेला हात वर केला.

टाक. विश्वनाथ गोतमारे, खापरखेडा. मेखा सैल करणारा तोच आणि पकड बनवून सांगणारा तोच, असं सरळ लिही. 'एक मित्र' असं लिहून झाकू नकोस. आकड्यांचा कागद सोबत जोडला आहे, सगळ्या ओळी दोनदा तपासल्या आहेत. छापताना तुला माझी दया येईल आणि माझी ओळ गाळावीशी वाटेल, कारण तुझा स्वभाव तसा आहे. गाळू नकोस. ताठ चटईवर तीन इंच, सैल चटईवर तीन इंच.

विश्वनाथ